तुम्ही कोण? सर्व्हरच्या दारात उभ्या असलेल्या क्लायंटची ओळख पटवण्याचा इतिहास

लखनौला राहायला आल्यापासून गावाकडून कोणी आले की त्यांना रेसिडेन्सी दाखवून आणणे हे माझे ठरलेले काम होऊन बसले आहे. गोमतीच्या दक्षिणेकडील उंचवट्यावर तोफगोळ्यांनी पोखरलेल्या भिंती उभ्या आहेत. इथले जुने लोक त्या जागेला अजूनही बेलीगारद म्हणतात. पाहुणे भिंतींवरची भोके मोजतात, छायाचित्रे काढतात. माझे लक्ष मात्र एका निराळ्याच गोष्टीकडे जाते. वेढ्याच्या त्या महिन्यांत या आवारात रात्री-अपरात्री बाहेरून निरोपे येत, आणि आलेला माणूस खरोखर कोणाकडून आला आहे हे आतल्यांना ठरवावे लागे. संगणकांच्या जाळ्यावर सर्व्हर चालवणाऱ्यापुढे हाच प्रश्न दिवसातून हजारो वेळा उभा राहतो.

३० जून १८५७ रोजी चिनहटच्या लढाईत इंग्रजांचा पराभव झाला आणि रेसिडेन्सीला वेढा पडला. सर हेन्री लॉरेन्स तोफगोळ्याने जखमी होऊन ४ जुलैला मरण पावले. सैन्याचे नेतृत्व ब्रिगेडियर इंग्लिस यांच्याकडे आले. बाहेरच्या जगाशी संबंध उरला तो केवळ जासुदांमार्फत. त्यांतला सर्वांत प्रसिद्ध म्हणजे अंगद नावाचा एक निवृत्तिवेतनधारक शिपाई. जुलैच्या उत्तरार्धात तो वेढा भेदून आत आला आणि हॅवलॉक कानपूरला पोचल्याची बातमी त्याने सांगितली. पण त्याच्यापाशी पत्र नव्हते. बातमी हवीहवीशी होती, म्हणूनच ती खरी मानण्यात धोका होता. काहींनी विश्वास ठेवला, काहींनी ठेवला नाही. त्याला पुन्हा पाठवण्यात आले आणि थोड्याच दिवसांत तो हॅवलॉक यांच्या सैन्यातील कर्नल टायटलर यांचे पत्र घेऊन परतला. मगच त्याच्या पहिल्या सांगण्याला वजन आले. पुढे ही पत्रे इंग्रजी भाषेत पण ग्रीक लिपीत लिहिली जाऊ लागली, आणि पिसाच्या पोकळ देठात दडवून नेली जाऊ लागली. (अंगदची निष्ठा कोणत्या बाजूला होती आणि ती तिथे असावी का, हा प्रश्न मोठा आहे. बेगम हजरत महल यांच्या बाजूने पाहिले तर तो शत्रूचा हेर. त्याचा निवाडा मी इथे करीत नाही.)

सप्टेंबरअखेर हॅवलॉक आणि आउट्राम आत शिरले खरे, पण तेही वेढ्यात अडकले. ९ नोव्हेंबरच्या रात्री टॉमस हेन्री कॅव्हाना नावाचा एक मुलकी कारकून काजळीने तोंड-हात काळे करून, देशी वेष चढवून, कनौजीलाल या जासुदासोबत बाहेर पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो सर कॉलिन कॅम्पबेल यांच्या छावणीत पोचला. समोर आलेल्या वृद्ध, करड्या चेहऱ्याच्या अधिकाऱ्याला त्याने कॅम्पबेल कुठे आहेत असे विचारले. तो अधिकारी म्हणजेच कॅम्पबेल निघाले आणि त्यांनी उलट त्यालाच तो कोण असे विचारले. ही हकिकत कॅव्हानानेच लिहून ठेवली आहे. त्याने तोंडी उत्तर दिले नाही. पागोट्याच्या घडीतून आउट्राम यांची ओळखचिठ्ठी काढून पुढे केली. मग आलमबागेच्या इमारतीवरून ठरलेली खूण झाली आणि कॅव्हाना सुखरूप पोचल्याचे रेसिडेन्सीतल्यांना कळले. आज त्या आलमबागेला मेट्रोचे स्थानक आहे.

या प्रसंगाशी माझा संबंध कसा जुळला ते सांगतो, कारण त्यात माझी स्वतःची एक फजिती आहे. पीएचडीच्या काळात आमच्या प्रयोगशाळेत कमी तापमानाची दोन उपकरणे होती. प्रत्येकाला तापमान नोंदवणारी एक छोटी पेटी जोडलेली असे आणि ती दर दहा सेकंदांनी आपले आकडे जाळ्यावरून एका सर्व्हरकडे पाठवी. तो सर्व्हर मी लिहिला होता आणि मला त्याचा अभिमान होता. कोणती पेटी बोलते आहे हे तो जोडणीच्या आयपी पत्त्यावरून ठरवीत असे: हा पत्ता म्हणजे पहिले उपकरण, तो पत्ता म्हणजे दुसरे. एका रात्री वीज गेली. सकाळी सारे पुन्हा सुरू झाले तेव्हा पत्ते वाटणाऱ्या यंत्रणेने पत्ते नव्याने वाटले आणि दोन्ही पेट्यांचे पत्ते एकमेकांत बदलले. अकरा दिवस एका उपकरणाचे तापमान दुसऱ्याच्या नावावर साठत राहिले. मी त्यावर आलेख काढला, आलेखात एक नवल दिसले, आणि ते नवल घेऊन मी मोठ्या उत्साहाने सरांकडे गेलो. सरांनी आलेख बराच वेळ पाहिला आणि एवढेच विचारले, "हा आकडा त्याच थर्मामीटरचा, हे कशावरून?"

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. इथे कोणी लबाडी केलेली नव्हती, कोणी घुसखोर नव्हता. मी पत्त्याला ओळख समजलो होतो, एवढेच. ही चूक माझ्या एकट्याची नव्हती, संगणकशास्त्राने ती जवळजवळ दहा वर्षे राजरोस केली होती, हे मला नंतर वाचनातून कळले.

१ जानेवारी १९८३ रोजी अर्पानेट जुना करार सोडून टीसीपी/आयपीवर आले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेतून युनिक्सची ४.२ बीएसडी ही आवृत्ती बाहेर पडली आणि तिच्यासोबत सॉकेट नावाची सोय आली. आजही विद्यार्थी जो सर्व्हर लिहायला शिकतात त्याचा सांगाडा तोच आहे: सॉकेट उघडा, त्याला पोर्ट बांधा, कान देऊन बसा, आणि कोणी आले की ॲक्सेप्ट म्हणा. ॲक्सेप्ट दोन गोष्टी हाती देते. एक, त्या पाहुण्याशी बोलण्यासाठी स्वतंत्र सॉकेट. दुसरी, पाहुण्याचा पत्ता, म्हणजे ३२ बिटांचा आयपी क्रमांक आणि १६ बिटांचा पोर्ट क्रमांक. हा पत्ता पुढे केव्हाही गेटपीअरनेम या आज्ञेने पुन्हा विचारता येतो. या नावात 'नेम' असले तरी नाव मिळत नाही; मिळतो तो पत्ताच. आणि पत्ता हा मुळात पाठवणाऱ्यानेच पाकिटावर लिहिलेला असतो. आयपीच्या रचनेत वाटेतला कोणताही टपालवाला पाठवणाऱ्याचा पत्ता खरा आहे की नाही हे तपासायला बांधील नाही. त्याला पुढचा पत्ता पाहून पाकीट ढकलायचे असते.

तरीही बर्कलीच्या आरलॉगिन आणि आरएसएच या सेवा पत्त्यावर विसंबून होत्या. ज्या यजमान संगणकांवर आपला विश्वास आहे त्यांची नावे एका फायलीत लिहून ठेवायची. त्या यंत्रावरून कोणी आले की परवलीचा शब्द न विचारता आत घ्यायचे. जोडीला आणखी एक खूण होती: पाहुण्याचा पोर्ट १०२४च्या खालचा हवा. युनिक्समध्ये तसा पोर्ट फक्त यंत्राचा मुख्य प्रशासकच वापरू शकतो, तेव्हा अशा पोर्टावरून येणारा क्लायंट त्या यंत्राचा अधिकृत प्रोग्रामच असणार, असा तर्क होता. विद्यापीठातल्या मोजक्या मोठ्या यंत्रांच्या जगात तो चालून गेला. पण ज्या दिवशी टेबलावरच्या संगणकाचा मालक स्वतःच त्या संगणकाचा प्रशासक झाला, त्या दिवशी या पोर्टाच्या खुणेला काही अर्थ उरला नाही. आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर शिक्का करायला सोनार लागतो म्हणून शिक्क्यावर विश्वास ठेवला, आणि गल्लोगल्ली सोनार झाले.

इथे कोणी चौकस वाचक विचारील की टीसीपीमध्ये तर आधी तीन पावलांचे हस्तांदोलन होते, मग खोटा पत्ता लिहून कसे भागेल? प्रश्न अचूक आहे आणि या साऱ्या इतिहासातला सर्वांत रसाळ भाग इथेच आहे, म्हणून थोडा थांबतो.

क्लायंट पहिले पाकीट पाठवतो त्यात त्याचा एक आरंभक्रमांक असतो. सर्व्हर त्याला उत्तर देतो आणि त्यात स्वतःचा आरंभक्रमांक घालतो. तिसऱ्या पाकिटात क्लायंटने तो क्रमांक मिळाल्याची पोच द्यायची असते, आणि ती पोच अचूक हवी. सर्व्हरचे उत्तर जाते ते पाकिटावर लिहिलेल्या पत्त्याकडे. पत्ता खोटा असेल तर उत्तर भलतीकडे जाईल, लबाडाला तो क्रमांक दिसणारच नाही आणि त्याला पोच देता येणार नाही. आलमबागेवर झालेली खूण हीच होती: जिथे निरोप पाठवला तिथूनच ती दिसली पाहिजे. मात्र हे आरंभक्रमांक ओळख पटवण्यासाठी योजलेलेच नव्हते. जुन्या जोडणीतली वाटेत रेंगाळलेली पाकिटे नव्या जोडणीत मिसळू नयेत म्हणून रे टॉमलिन्सन यांनी १९७५ च्या सुमारास हा विचार मांडला. (ईमेलच्या पत्त्यात ॲटचे चिन्ह बसवणारे तेच हे टॉमलिन्सन.) म्हणूनच टीसीपीच्या १९८१च्या मूळ दस्तऐवजात, आरएफसी ७९३ मध्ये, हा क्रमांक एका घड्याळासारखा दर चार मायक्रोसेकंदांना एकाने वाढावा असे म्हटले आहे. ३२ बिटांचे हे घड्याळ एक फेरा ४.५५ तासांत पुरा करते असेही तिथे छापले आहे. दोनाचा बत्तिसावा घात गुणिले चार मायक्रोसेकंद हा हिशेब मी करून पाहिला तर उत्तर सुमारे पावणेपाच तास येते. थोरांच्या दस्तऐवजातही गुणाकार चुकतो, हे पाहून मला अकरा दिवसांच्या त्या आलेखाबद्दल थोडा दिलासा मिळाला.

घड्याळाचा दोष हा की ते कोणालाही वाचता येते. आणि बर्कलीचे घड्याळ तर फारच मंद होते: ४.२ बीएसडीमध्ये हा क्रमांक दर सेकंदाला १२८ने वाढे आणि प्रत्येक नव्या जोडणीमागे त्याच्या निम्म्याने. फेब्रुवारी १९८५ मध्ये रॉबर्ट टी. मॉरिस या तरुणाने बेल प्रयोगशाळेच्या एका छोट्या तांत्रिक टिपणात दाखवून दिले की आधी स्वतःच्या खऱ्या पत्त्यावरून एक जोडणी करावी, सर्व्हरचा क्रमांक पाहावा, पुढचा क्रमांक कोणता येईल ते हिशेबाने काढावे, आणि मग विश्वासातल्या यंत्राचा पत्ता लावून न पाहिलेल्या उत्तराची पोच द्यावी. सर्व्हरला वाटेल की हस्तांदोलन पुरे झाले. उत्तरे लबाडाला दिसत नाहीत, पण आज्ञा मात्र त्याला देता येतात, आणि एक आज्ञा पुरेशी असते. १९८९ मध्ये स्टीव्हन बेलोविन यांनी टीसीपी/आयपीतल्या सुरक्षेच्या उणिवांवर जो लेख लिहिला त्यात या युक्तीची सविस्तर चर्चा आहे. या मधल्या काळात, २ नोव्हेंबर १९८८ रोजी, त्याच मॉरिस यांनी सोडलेल्या किड्याने इंटरनेटवरची हजारो यंत्रे जेरीला आणली. त्याच्या पसरण्याच्या वाटांपैकी एक होती ती विश्वासातल्या यंत्रांची फाईल.

कागदावरची युक्ती प्रत्यक्षात उतरलेली जगाने पाहिली ती २५ डिसेंबर १९९४ रोजी. बळी होते त्सुतोमु शिमोमुरा, संगणकीय भौतिकीतले संशोधक, सॅन डिएगोचे. त्यांच्या घरातल्या एका यंत्राचा दुसऱ्या यंत्रावर विश्वास होता. हल्लेखोराने आधी काही जोडण्या करून पाहिल्या; दर जोडणीमागे आरंभक्रमांक बरोबर १,२८,००० ने वाढतो हे त्याच्या ध्यानात आले. मग त्याने विश्वासातल्या यंत्रावर अर्धवट जोडण्यांचा मारा करून त्याला मुके केले. ते आवश्यक होते, कारण आपण न मागितलेले उत्तर आलेले पाहून त्या यंत्राने "मी बोललोच नाही" असे कळवले असते आणि डाव मोडला असता. यानंतर त्या मुक्या यंत्राच्या नावाने एक जोडणी झाली आणि विश्वासाच्या फाईलमध्ये अधिकाची दोन चिन्हे लिहिली गेली. त्यांचा अर्थ असा: कोणत्याही यंत्रावरून कोणीही यावे. या हल्ल्याशी केव्हिन मिटनिक यांचे नाव जोडले गेले आणि फेब्रुवारी १९९५ मध्ये त्यांना अटक झाली. पुढे मे १९९६ मध्ये बेलोविन यांनी उपाय सुचवला: घड्याळ ठेवा, पण प्रत्येक जोडणीच्या पत्ता-पोर्टांची आणि एका गुप्त संख्येची मिळून काढलेली भर त्यात घाला, म्हणजे एका जोडणीचा क्रमांक पाहून दुसऱ्याचा काढता येणार नाही. आजच्या कार्यप्रणाली याच वळणाने जातात. त्यामुळे आज टीसीपीच्या ॲक्सेप्टमधून आलेला पत्ता निदान एवढे सांगतो की त्या पत्त्याकडे पाठवलेले उत्तर पाहू शकणारा कोणीतरी पलीकडे आहे. यूडीपीमध्ये हेही आश्वासन नाही. तिथे पहिल्या पाकिटावरचा पत्ता ही निव्वळ ऐकीव गोष्ट असते.

पत्त्याचे असे, तर नावाचे काय? माणसाला क्रमांक आवडत नाहीत. विश्वासाच्या फायलींत नावे असत. म्हणून सर्व्हर आलेल्या पत्त्यावरून नाव शोधी. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना केली, तिच्यात नावावरून पत्त्याकडे जाणाऱ्या नोंदी आहेत तशा पत्त्यावरून नावाकडे जाणाऱ्या उलट्या नोंदीही आहेत. गोम अशी की उलटी नोंद लिहिण्याचा अधिकार पत्त्यांचा तो गट ज्याच्या ताब्यात आहे त्याचा असतो, नावाच्या मालकाचा नव्हे. उद्या माझ्या ताब्यात पत्त्यांचा गट आला तर माझ्या पत्त्यापुढे मी कोणाही प्रतिष्ठित विद्यापीठाचे नाव लिहू शकतो, आणि मला न ओळखणारा सर्व्हर त्या नावाला मान देईल. बेलोविन यांनी यावर १९९० मध्येच लेख लिहिला होता, पण तो इतका धोकादायक वाटला की त्यांनी तो १९९५ पर्यंत प्रसिद्ध केला नाही.

उपाय सोपा आहे आणि तो प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा तरी स्वतः लिहून पाहावा. पत्त्यावरून नाव काढा. मग त्या नावावरून पुन्हा पत्ते काढा. मूळ पत्ता त्यांत सापडला तरच नाव खरे माना. पहिली नोंद पत्त्याच्या मालकाची साक्ष, दुसरी नावाच्या मालकाची. दोघांचे एकमत व्हायला हवे. ही दुहेरी तपासणी सर्वदूर रूढ करण्यात विट्से व्हेनेमा यांच्या टीसीपी रॅपर या छोट्या प्रोग्रामचा मोठा वाटा आहे. १९९० च्या सुमारास नेदरलँड्समधील आइंडहोव्हेनच्या तंत्रविद्यापीठात कोणी घुसखोर यंत्रांवरच्या साऱ्या फायली पुसून टाकत होता. तो कुठून येतो हे कळायला मार्ग नव्हता, कारण सेवा पुरवणारे प्रोग्राम पाहुण्याची नोंदच ठेवत नसत. व्हेनेमा यांनी त्या प्रोग्रामांना हात न लावता त्यांच्यापुढे एक द्वारपाल उभा केला: तो पाहुण्याचा पत्ता लिहून घेई, नाव-पत्ता जुळतात का ते पाही, यादीशी ताडून पाही, आणि मग खऱ्या प्रोग्रामला हाक मारून स्वतः बाजूला होई. नाव आणि पत्ता जुळत नसलेल्या पाहुण्यांसाठी त्याच्या नियमांत एक खास शब्द होता, 'पॅरानॉइड'. व्हेनेमा मूळचे भौतिकीचे. त्यांचा प्रबंध अणुगर्भाच्या बीटा क्षयातील डाव्या-उजव्या सममितीवर आहे. आरशातली प्रतिमा मूळ वस्तूशी जुळते का, हे तपासण्याची सवय त्यांना आधीपासूनच होती असे म्हणायचा मोह होतो. पण तो माझा मोह, इतिहास नव्हे.

ही तपासणी फुकट नसते. उलटी नोंद देणारा डीएनएस सर्व्हर मंद असेल किंवा बंद असेल तर आपला सर्व्हर ताटकळत बसतो, आणि एकाच धाग्यावर चालणारा सर्व्हर असेल तर बाकीचे पाहुणेही त्याच्याबरोबर ताटकळतात. एसएसएचने दूरच्या यंत्रावर शिरताना परवलीचा शब्द विचारण्याआधी अर्धा-पाऊण मिनिट जाते, याचे कारण पुष्कळदा हेच असते. ओपनएसएसएचने २०१५ मध्ये ही नावाची विचारणा मुळातूनच ऐच्छिक केली आणि त्याच्या थोडे आधी टीसीपी रॅपरचा आधारही काढून टाकला. मला ते वाईट वाटले, पण निर्णय योग्य होता. दुहेरी तपासणीने दोन नोंदी जुळतात हे सिद्ध होते. डीएनएसची उत्तरेच वाटेत कोणी बदलली तर तीही खोटी पडते.

आणखी एक प्रयत्न झाला तो थोडक्यात सांगतो. आयडेंट नावाच्या कराराने, १९९३ च्या आरएफसी १४१३ नुसार, सर्व्हर पाहुण्याच्या यंत्रालाच ११३ क्रमांकाच्या पोर्टावर विचारी की या जोडणीमागचा तुमचा वापरकर्ता कोण. चोराच्या घरी जाऊन चोराचे नाव विचारण्यासारखे हे झाले. ज्या यंत्राचा प्रशासक प्रामाणिक आहे तिथे उपयोगी, इतरत्र निरुपयोगी.

भारतात हा इतिहास वेगळ्या वाटेने आला. १९८६ मध्ये इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साह्याने एर्नेट सुरू केले. त्यात पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, मुंबईचे एनसीएसटी आणि खुद्द विभाग असे आठ भागीदार होते. इथून पाऊणशे-ऐंशी किलोमीटरवरचे कानपूर त्यांत होते, जुहूचे एनसीएसटीही होते. आरंभी टपाल यूयूसीपीने, दूरध्वनीवरून नंबर फिरवून, जात असे. यूयूसीपीत एक देखणी सोय होती: एखाद्या यंत्राने फोन केला की त्याचे नाव ऐकून घ्यायचे, फोन ठेवून द्यायचा, आणि आपल्या वहीत त्या यंत्राचा जो नंबर लिहिला आहे त्यावर आपणच परत फोन करायचा. कोणी खोटे नाव सांगितले तर परतीचा फोन खऱ्या मालकाकडे जाईल. टीसीपीचे तिसरे पाऊल आणि हा परतीचा फोन यांत तत्त्वतः काही फरक नाही. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वसामान्यांना खुले केले, तेव्हापासून मात्र दारात येणारा पाहुणा अनोळखीच असणार हे गृहीत धरावे लागले.

आज तर पत्ता आणि यंत्र यांचे नातेही तुटले आहे. ३२ बिटांचे पत्ते अपुरे पडले म्हणून दूरध्वनी कंपन्या हजारो ग्राहकांना एकाच पत्त्यामागे उभे करतात. त्यासाठी २०१२ मध्ये सुमारे बेचाळीस लाख पत्त्यांचा एक गट मुद्दाम बाजूला काढला गेला. हजरतगंजातला विद्यार्थी आणि चारबागेतला रिक्षाचालक यांचे मोबाइल सर्व्हरला एकाच पत्त्यावरून आलेले दिसू शकतात. त्यांच्यात फरक असतो तो पोर्टाचा, आणि तोही क्षणाक्षणाला बदलतो. म्हणून सर्व्हरच्या नोंदीत पत्त्याबरोबर पोर्ट आणि अचूक वेळ नसेल तर ती नोंद पुढे कोणालाच उलगडता येत नाही. सर्ट-इनने एप्रिल २०२२ मध्ये काढलेल्या निर्देशांत नोंदी १८० दिवस ठेवायला सांगितले आणि घड्याळे राष्ट्रीय सूचनाविज्ञान केंद्राच्या किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवायला सांगितले, त्यामागचे कारण हेच. कोणाला ते सरकारी जाच वाटले. गोपनीयतेच्या अंगाने आक्षेप घ्यायला जागा आहेही. पण घड्याळाच्या बाबतीत मी भौतिकीवाला म्हणून सरकारच्या बाजूचा आहे.

पत्ता काय, नाव काय, या बाहेरच्या खुणा. कॅव्हानाच्या पागोट्यातून निघाली ती चिठ्ठी निराळ्या जातीची होती: ज्याच्यावर कॅम्पबेल यांचा आधीच विश्वास होता, त्याने दिलेली. जाळ्यावर ही चिठ्ठी आणण्याचा विचार रॉजर नीडहॅम आणि मायकेल श्रोडर यांनी १९७८ मध्ये मांडला. एमआयटीच्या अथीना प्रकल्पात त्यातून कर्बेरॉस जन्मले. तिथे एक विश्वासू मध्यस्थ क्लायंटला मुदतीचे तिकीट देतो आणि क्लायंट ते सर्व्हरला दाखवतो. तिकीट चोरीला गेले तर? यावर आपल्या सराफांनी फार पूर्वी विचार केला होता. देखाडणहार हुंडी जो दाखवील त्याला पैसे. शाहाजोग हुंडी मात्र बाजारात पत असलेल्या ओळखीच्या माणसानेच आणली पाहिजे. आजच्या वेबवर सर्रास वापरली जाणारी टोकने बहुतांशी देखाडणहार आहेत. कर्बेरॉसमध्ये तिकिटासोबत क्लायंटने ताज्या वेळेवर स्वतःच्या किल्लीने केलेला पुरावा जोडायचा असतो, आणि सर्व्हरचे घड्याळ त्या वेळेपासून साधारण पाच मिनिटांहून अधिक ढळलेले चालत नाही.

१९९५ मध्ये हेलसिंकीच्या ताटू युलोनेन यांनी एसएसएच लिहिले, तेव्हा त्यांनी जुन्या विश्वासाच्या फायली एकदम फेकून दिल्या नाहीत. त्यांनी प्रत्येक यजमान यंत्राला किल्ल्यांची जोडी दिली: एक उघड, एक गुप्त. मी अमुक यंत्र आहे असे सांगणाऱ्या क्लायंट-यंत्राला आता गुप्त किल्ली आपल्यापाशी असल्याचे सिद्ध करून दाखवावे लागे. टीएलएसमध्येही सर्व्हर मागणी करू शकतो की क्लायंटने आपले प्रमाणपत्र दाखवावे आणि आतापर्यंत झालेल्या संपूर्ण संवादावर सही करावी. संवाद प्रत्येक वेळी नवा असतो, त्यामुळे कालची सही आज चालत नाही. मराठेशाहीच्या पत्रांत मजकूर संपला तिथे मर्यादेची मुद्रा उठवीत, म्हणजे खाली कोणी ओळ वाढवू शकू नये. त्याच काळजीचे हे गणिती रूप.

प्रमाणपत्र देणाराच चुकला तर काय होते, हे भारताने २०१४ च्या जुलैत पाहिले. २ जुलैला गूगलला आढळले की आपल्या काही डोमेनांच्या नावे राष्ट्रीय सूचनाविज्ञान केंद्राच्या प्रमाणन यंत्रणेतून अनधिकृत प्रमाणपत्रे निघाली आहेत. ती यंत्रणा भारताच्या प्रमाणन प्राधिकरण नियंत्रकांच्या मुळाखाली होती आणि ते मूळ मायक्रोसॉफ्टच्या विश्वासयादीत होते. नियंत्रकांनी दुसऱ्याच दिवशी केंद्राची मध्यस्थ प्रमाणपत्रे रद्द केली. चारच प्रमाणपत्रे चुकीची निघाली असे चौकशीत सांगण्यात आले. गूगलला त्या चारांत नसलेलीही ठाऊक होती. परिणामी क्रोमने त्या मुळावरचा विश्वास मोजक्या भारतीय डोमेनांपुरता मर्यादित केला. हे सारे सर्व्हरच्या ओळखीसंबंधी घडले, पण क्लायंटची प्रमाणपत्रे याच झाडाला लागतात. आउट्राम यांची सही करणारा दुसरा कोणी छावणीत बसला असता तर कॅम्पबेल काय करणार होते?

अकरा दिवसांच्या त्या नोंदी मी टाकून दिल्या आणि सर्व्हर नव्याने लिहिला. प्रत्येक पेटीला स्वतःची किल्ली दिली. सर्व्हर आता पत्ता फक्त वहीत लिहितो, त्यावरून काही ठरवत नाही. व्यवस्था दोन वर्षे उत्तम चालली. मग एका कनिष्ठ सहकाऱ्याने दुरुस्तीच्या वेळी एका पेटीचे मेमरी कार्ड काढून दुसरीत घातले. किल्ली त्या कार्डावरच होती. सर्व्हरने सही तपासली, ती अचूक निघाली, आणि आकडे पुन्हा भलत्याच नावावर साठू लागले. या खेपेला मात्र ते दुसऱ्याच दिवशी उघडकीस आले, कारण सरांच्या त्या प्रश्नानंतर मी रोज सकाळी दोन्ही उपकरणांशेजारी साधा पाऱ्याचा थर्मामीटर घेऊन जात असे आणि पेटीजवळचे खोलीचे तापमान हाताने लिहून ठेवत असे.